एका परवान्यावर किती फ्री झोन? (शारजा, जेबेल अली आणि आपलं उद्यमबाग)

उद्यमबागकर
नमस्कार. विषय जरा कोरडा आहे, पण इथं आखाताशी धंदा करणारे बरेच जण वाचतात म्हणून टाकतोय.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. पंपाचे शाफ्ट, बुश, हायड्रॉलिकचे किरकोळ पार्ट. तिकडचं गिऱ्हाईक वाढलं तसं मी आणि धाकट्या भावानं शारजाच्या सैफ फ्री झोनमध्ये (ड्यूटी न लागणाऱ्या, कुंपणातल्या वसाहतीत) आमच्या दोघांच्या नावावर छोटी ट्रेडिंग कंपनी काढली. माल न्हावा शेव्याहून जातो, तिकडं उतरतो, तिथून बिल होतं. इथवर ठीक.

आता जेबेल अली फ्री झोनमधलं एक गिऱ्हाईक म्हणतंय, स्टॉक आमच्या दारात ठेवा, सकाळी मागितला की दुपारी हातात पाहिजे. शिवाय देरातले (दुबईच्या जुन्या बाजारातले) काही दुकानदार थेट आमचं बिल मागतात. एक कन्सल्टंट म्हणाला, जेबेल अलीत दुसरी कंपनी आणि दुबई मेनलँडला (म्हणजे झोनबाहेर शहरात) तिसरी, त्याशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्यानं सांगितलं, आता 'वन फ्रीझोन पासपोर्ट' आलाय, एकाच परवान्यावर सगळे झोन फिरा. दोघंही तितक्याच खात्रीनं बोलतात आणि दोघांचीही फी घसघशीत आहे.

तर प्रत्येक झोनला वेगळा परवाना लागतोच का? कुणी प्रत्यक्ष केलंय का?

शिनोळीवाला
ओ, इथं कोण एका परवान्यावर धंदा करतंय? आमचं मेन युनिट उद्यमबागेत, दुसरी शेड हद्दीपलीकडं महाराष्ट्रात, शिनोळी एमआयडीसीत. मालक एक, पॅन एक, पण जीएसटी नंबर इकडचा २९ नं सुरू होतो, तिकडचा २७ नं. फॅक्टरी लायसन्स दोन, प्रदूषण मंडळं दोन, वीज कंपन्या दोन. इकडचं कास्टिंग तिकडं नुसतं टर्निंगला पाठवायचं म्हटलं तरी ई-वे बिल करा, मग माल पाच हजारांचा का असेना, कारण मधी राज्य बदललं. हद्द आली की कागद आलाच. दुबईवाले काय वेगळं करणार?

कुंदाप्रेमी
तीन परवाने म्हणजे तीन पाट्या. निदान तिथं साठ टक्के कन्नडचं टेन्शन नाही.

देराकर
@कुंदाप्रेमी, अरबी लागतं. सुटका नाही.

कुंदाप्रेमी
घ्या! मग आमची पाटी कुठंच नको, आम्ही आपला कुंदा विकतो.

खानापूर_ते_खलीज
उद्यमबागकर, दोन्ही कन्सल्टंट अर्धं अर्धं बरोबर सांगतायत. मी जेबेल अलीत एका लॉजिस्टिक कंपनीत आहे. परवाने काढणं माझं काम नाही, पण त्यातल्या भानगडी रोज पुढ्यात येतात.

यूएईत सगळ्या फ्री झोनांचं मिळून एक खातं नाही. जेबेल अली (१९८५ चा) दुबईचा. सैफ आणि हमरिया शारजाचे. राकेझ रास अल खैमाचा. प्रत्येकाची ऑथॉरिटी वेगळी, परवाना तीच देणार आणि तो तिच्या कुंपणाच्या आत चालणार. कुंपणाबाहेर दुबई शहरात दुकान मांडायचं तर दुबईच्या अर्थ आणि पर्यटन खात्याचा परवाना, म्हणजे मेनलँड.

वन फ्रीझोन पासपोर्ट खरा आहे. २०२५ मध्ये दुबई फ्री झोन्स कौन्सिलनं आणला. पहिला फायदा लुई व्हिटाँनं घेतला: परवाना जाफझाचा (म्हणजे जेबेल अलीचा), गोदाम तिथं, आणि त्याच परवान्यावर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या हद्दीतल्या वन झबीलमध्ये जागा. म्हणजे दुबईच्या एका झोनमधून दुबईच्या दुसऱ्या झोनमध्ये. तुमची कंपनी शारजाची. तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मेनलँडचंही तेच. दुबई एक्झिक्युटिव्ह कौन्सिलच्या २०२५ च्या ठराव क्रमांक ११ नं फ्री झोनमधल्या कंपन्यांना शहरात काम करायची वाट मोकळी झाली. शाखा काढा, नाहीतर सहा महिन्यांचं परमिट घ्या. परमिटला ५,००० दिरहम, मुदत वाढवून मिळते, त्या धंद्याचे हिशेब वेगळे ठेवायचे आणि नफ्यावर ९ टक्के कर. पण हेसुद्धा दुबईच्या झोनमधल्या कंपन्यांसाठी.

आता एक सांगा. जेबेल अलीत तुमचा माणूस बसणार आहे, का नुसता माल पडणार आहे?

उद्यमबागकर
नुसता माल. माणूस शारजातच. भावाचा मेहुणा आहे तिथं, त्याला हलवायचं म्हणजे घरात महाभारत.

खानापूर_ते_खलीज
मग जेबेल अलीचा परवाना कशाला घेताय?

तिथं परवाना असलेल्या गोदाम कंपन्या दुसऱ्यांचा माल भाड्यानं ठेवतात, थ्रीपीएल म्हणतात त्याला. आमच्याच शेडमधलं सांगतो. वरच्या रॅकवर तुर्की व्हॉल्व्ह, खाली चिनी बेअरिंग, शेजारी कोइमतूरचे पंप. प्रत्येक पॅलेटला स्टिकर: मालकाचा कोड, कस्टमच्या एंट्रीचा नंबर, कुठल्या कंटेनरमधून उतरला ते. त्यातल्या बऱ्याच मालकांचं जेबेल अलीत एक टेबलसुद्धा नाही. सकाळी मेल येते, पोरगा स्कॅनर घेऊन रॅकवर चढतो, पॅलेट खाली येतं, गिऱ्हाईकाच्या नावानं ट्रान्सफरचा कागद होतो. झोनमधल्या झोनमध्येच जायचं असल्यानं ड्यूटीचा विषय नाही. दुपारच्या आत माल शेजारच्या प्लॉटवर. तुमच्या गिऱ्हाईकाला एवढंच पाहिजे ना?

शारजाहून जेबेल अलीला आणायचा म्हटला तर मात्र मधल्या रस्त्यासाठी ट्रान्झिटचा कागद आणि ड्यूटीची हमी. त्यापेक्षा तेवढा लॉट न्हावा शेव्याहून थेट जेबेल अलीलाच उतरवा.

मेनलँडच_बरं
इतकी डोकेफोड कशाला? २०२१ पासून बहुतेक धंद्यांत मेनलँडला १०० टक्के परदेशी मालकी चालते. अरबाब (स्थानिक भागीदार) शोधत फिरायचे दिवस गेले. फ्री झोनचं कौतुक आपल्या लोकांच्या डोक्यातून जात नाही. शारजाची बंद करा, दुबई मेनलँडची एक काढा, झोनमध्ये विका, शहरात विका, अबुधाबीत विका. एक परवाना, विषय संपला.

शिनोळीवाला
@मेनलँडच_बरं, आयडी बघूनच उत्तर कळलं होतं.

सीए_टिळकवाडी
मेनलँडच_बरं यांचा सल्ला सर्व्हिसच्या धंद्याला बरा. मालाच्या धंद्यात आधी कर बघावा लागतो.

१ जून २०२३ ला किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून यूएईत कॉर्पोरेट टॅक्स आहे. ३,७५,००० दिरहम नफ्यापर्यंत शून्य, त्यावर ९ टक्के. फ्री झोन कंपनीला पात्र उत्पन्नावर शून्य मिळू शकतो, पण आपोआप मिळत नाही. ताळेबंदाचं ऑडिट हवं, झोनमध्ये खरोखर काम चाललेलं दिसलं पाहिजे, आणि माल डेझिग्नेटेड (सरकारच्या खास यादीतल्या) झोनमधून अशाला विकायचा जो तो पुढं विकणार किंवा त्याच्यावर प्रक्रिया करणार. खरेदीदार स्वतः फ्री झोनमधली कंपनी असेल आणि माल तीच वापरणार असेल तरी चालतं. म्हणजे जेबेल अलीतलं गिऱ्हाईक बसलं. देरातले दुकानदार पुढं विकतात, तेही बसले. एखादा शहरातला कारखाना स्वतःच्या पंपाला शाफ्ट बसवायला घेतो, तो बसत नाही. असं अपात्र उत्पन्न उलाढालीच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यातलं जे कमी त्याच्या वर गेलं की त्या वर्षाची सवलत गेली, आणि पुढच्या चार वर्षांचीही. हे शेवटचं वाक्य लोक वाचतच नाहीत.

सैफ, हमरिया, जेबेल अली हे तिन्ही डेझिग्नेटेड आहेत. दुबईतला डीएमसीसी हा फ्री झोन असूनही त्या यादीत नाही, तेव्हा कुणी 'सगळे झोन सारखेच' म्हणालं तर पुढं ऐकू नका.

देरातल्या दुकानदारांसाठीही मेनलँड परवाना लागत नाही. माल झोनबाहेर काढताना त्यांनी आपल्या नावावर कस्टम करायचं, ड्यूटी त्यांनी भरायची, साधारण ५ टक्के. आयातदार ते, विकणारी शारजाची कंपनी. त्यांना मात्र घरपोच, सगळं भरलेलं बिल पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी. 'थेट बिल' म्हणजे त्यांना नेमकं काय पाहिजे ते विचारलंत का?

उद्यमबागकर
विचारलं नव्हतं. आता भावाला फोन लावतो.

सीए_टिळकवाडी
लावा. आणि इकडची बाजूही ऐका, ती तिकडचा कन्सल्टंट कधी सांगत नाही.

कंपनी दोघा भावांच्या नावावर म्हणजे पैसे एलआरएसमधून (व्यक्तीनं परदेशी पैसे पाठवायच्या आरबीआयच्या योजनेतून) गेलेले, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच्या आत. २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांत एक गोम आहे. व्यक्तीनं परदेशी कंपनीत गुंतवणूक केली आणि ताबा तिच्याकडं असेल, तर त्या कंपनीखाली पोटकंपनी चालत नाही. तुमचा पहिला कन्सल्टंट 'दुसरी कंपनी' म्हणतोय ती शारजाच्या कंपनीच्या मालकीची काढली, तर जेबेल अलीवाले परवाना हसत हसत देतील. फेमाचं (परकीय चलन कायद्याचं) उल्लंघन मात्र बेळगावात बसून तुमच्या नावावर होईल.

शाखा चालते, कारण शाखा म्हणजे तीच कंपनी. तिलाही त्या झोनचा परवाना लागतोच, पण नवीन भागभांडवल नाही आणि पोटकंपनीचा प्रश्न नाही. किंवा दुसरी कंपनी थेट तुमच्या दोघांच्या नावावर. पुढं पसारा वाढणार असेल तर उद्यमबागेतल्या प्रायव्हेट लिमिटेडमार्फत गुंतवा. तिला नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत मुभा आहे आणि खाली पोटकंपन्याही चालतात.

एपीआर (परदेशी कंपनीचा वार्षिक अहवाल) दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत बँकेकडं गेलाच पाहिजे. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरताय ना? आणि नवीन पैसे पाठवाल तर वर्षाला माणशी १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) बँक कापणार. रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर खेळतं भांडवल अडकतं. वर्कशॉपवाल्याला हे जास्त टोचतं.

निपाणीकर
एक बेसिक शंका. हे सगळं करण्यापेक्षा उद्यमबागेतूनच थेट एक्सपोर्ट का नाही? आयईसी (आयात-निर्यात कोड) आहे, जीएसटीला एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) दिलं की झालं. २०२२ च्या मे पासून भारत-यूएईचा सेपा व्यापार करार लागू आहे, ड्यूटीपण बऱ्याच मालाला कमी किंवा शून्य. आमच्याकडं तंबाखूवाले पिढ्यान् पिढ्या इथूनच बाहेर पाठवतात, कुणी दुबईत कंपनी काढली नाही.

उद्यमबागकर
@निपाणीकर, तंबाखूचं गिऱ्हाईक कंटेनर घेतं. आमचं गिऱ्हाईक म्हणतं, अमुक साइजचे चार शाफ्ट, उद्या, दिरहममध्ये. चार शाफ्ट बोटीनं कोण पाठवणार?

सीए_टिळकवाडी
सेपाचं बरं आठवलं. झोनमध्ये उतरलेल्या मालाला तशीही ड्यूटी नाही, त्यामुळं सेपाचा फायदा माल शहरात शिरतो तेव्हाच. देरावाल्यांना तो मिळायला हवा असेल तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन इथून निघतानाच काढायचं. पुढं दुकानदार मागायला लागला की धावाधाव.

संकेश्वरी_मिरची
कुणी विचारलं नाही तरी सांगते. मी इथल्याच एका सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) युनिटच्या अकाउंट्समध्ये आहे. दुबईचं लांब राहिलं, हत्तरगीला हायवेला लागून सेझ आहे, विमानाचे पार्ट तिथं बनतात, आणि तिथंही हाच प्रश्न येतो.

आपल्याकडं लेटर ऑफ अप्रूव्हल युनिटला मिळतं. त्याच कंपनीनं दुसऱ्या सेझमध्ये युनिट टाकलं तर तिथला अर्ज वेगळा, एलओए वेगळं, बाँड वेगळा. बाहेरचं युनिट आणि सेझचं युनिट एकाच गावात असलं तरी जीएसटी नोंदणी वेगळी आणि हिशेबाची पुस्तकं वेगळी. कंपनी तीच चालते, आयईसी तोच. म्हणजे आपल्याकडं वेगळी कंपनी काढायचा खर्च वाचतो, वह्या मात्र वाचत नाहीत.

शिनोळीवाला
@संकेश्वरी_मिरची ताई, मग उद्यमबागकरांनी हत्तरगीलाच युनिट घ्यावं की. आमच्या पोरांना नोकऱ्यापण लागतील.

संकेश्वरी_मिरची
दादा, त्यांचं देशातलं गिऱ्हाईक किती आहे बघा आधी. सेझमधला माल देशात विकला की आयात केल्यासारखी ड्यूटी लागते. पाच वर्षांच्या गठ्ठ्यात परकीय चलनाची निव्वळ कमाई अधिक दिसायला पाहिजे. आणि १०एए ची इन्कम टॅक्स सवलत नवीन युनिटला आता मिळत नाही, ती जुन्यांची मजा. पुण्याला रोज टेम्पो जातो अशा वर्कशॉपला सेझ झेपत नाही.

उद्यमबागकर
पुण्याला रोज जातो. विषय संपला.

कॅम्पातली_ताई
शाखा काढायची ठरली तर कागदांच्या शिक्क्यांचं आधी बघा. यूएई अपॉस्टिलच्या (एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मानायच्या) करारात नाही. त्यामुळं भारतातला कागद आधी इथं साक्षांकित, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास, आणि तिकडं पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा आणखी एक शिक्का.

व्हिसासाठी माणसाची डिग्री लागली तर अजून मजा. डिग्री ज्या राज्यातली, शिक्का त्या राज्याचा. आपली निम्मी पोरं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. राहतात बेळगावात, आधार कार्ड कर्नाटकचं, आणि कागद न्यायचा मुंबईला. माझ्या भाच्याचा बंगळूरहून तसाच परत आला. एजंटानं दोन्हीकडचे पैसे घेतले ते वेगळंच.

कुंदाप्रेमी
म्हणजे सीमाप्रश्न दुबईपर्यंत गेला म्हणायचा.

शिनोळीवाला
तिथं तरी सुटला तर बघा.

चालक
सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. इथं परवान्यांवरच बोला, विनंती.

देराकर
मी देरात दुकानदारांच्या बाजूला बसतो, तर एक त्यांच्याकडून. परवान्यावर धंद्याची ओळ काय लिहिली आहे ते बघा. अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात ती. आमच्या ओळखीच्या एकाचा परवाना 'पंप आणि सुटे भाग' एवढाच होता आणि त्यानं मागवलं वेल्डिंगचं सामान. कस्टमवाल्यानं स्क्रीन त्याच्याकडं वळवली, बोट ठेवलं आणि विचारलं, हे यात कुठं आहे? पेटी तिथंच थांबली. भाडं रोज चढतंय आणि हा अ‍ॅक्टिव्हिटी वाढवायला ऑथॉरिटीच्या दारात. झोन किती याची काळजी करता, त्याआधी परवान्याचा कागद नीट वाचा. आपली माणसं फ्रेम करून भिंतीला लावतात आणि परत बघत नाहीत.

आणि बिलाचं म्हणाल तर, इथल्या बऱ्याच दुकानदारांकडं स्वतःचा इम्पोर्ट कोड असतो. त्यांना कस्टम करायला जड जात नाही, पैसे आधी भरायला जड जातं. उधारी देणार का, हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

मेनलँडच_बरं
@सीए_टिळकवाडी, ९ टक्के म्हणजे काही फाशी नव्हे. बेळगावात कंपनी किती टक्के भरते? शिवाय उलाढाल ३० लाख दिरहमच्या आत असेल तर स्मॉल बिझनेस रिलीफ आहे, करच नाही. फ्री झोनच्या शून्यासाठी ऑडिट, जागा, पात्र-अपात्र याद्या सांभाळण्यापेक्षा मेनलँड सोपं, हे मी अजूनही म्हणतो.

सीए_टिळकवाडी
रिलीफचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. शून्य टक्केवाल्या फ्री झोन कंपनीला तो मिळत नाही, हेही खरं. पण त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला किंवा त्याआधी संपणाऱ्या वर्षांपुरती आहे. तेवढ्यासाठी चालू कंपनी मोडून दुसरी मांडायची, व्हिसे रद्द करून परत काढायचे, बँक खातं नव्यानं उघडायचं? तिकडं परवाना लवकर मिळतो, बँक खातं मिळता मिळत नाही. नव्यानं सुरू करणारा असता तर तुमच्या बाजूनं बोललो असतो.

खानापूर_ते_खलीज
+१. खात्यासाठी लोक अक्षरशः महिने घालवतात. चालू खातं असलेली कंपनी मोडू नये.

निपाणीकर
पीओईएमचं (कंपनीचे निर्णय प्रत्यक्ष कुठून होतात त्या नियमाचं) काय? दोघं भाऊ बेळगावात बसून निर्णय घेतात म्हणजे शारजाची कंपनी भारतातली धरून इथं कर लावतील, असं एका सेमिनारमध्ये ऐकलं होतं.

सीए_टिळकवाडी
वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या आत असेल तर ती तरतूद लावत नाहीत, २०१७ चं परिपत्रक आहे. त्याच्या वर गेलात तर पेढे घेऊन या, मग बोलू.

उद्यमबागकर
भावाशी बोलणं झालं. देरातल्या दोघांकडं स्वतःचा इम्पोर्ट कोड आहे, त्यांना शारजाचंच बिल चालतंय. त्यांना पाहिजे साठ दिवसांची उधारी! तिसरा घरपोच मागतो, त्याला दुसऱ्या दुकानदारामार्फत द्यायचं बघतो. देराकर, तुमचं निदान अचूक.

जेबेल अलीसाठी थ्रीपीएलच. कन्सल्टंटला तसं कळवलं तर म्हणतो, 'सर, यू आर टेकिंग रिस्क'. कसली रिस्क विचारलं तर फोन कट.

खानापूर_ते_खलीज, आता एवढं सांगा: गोदामवाल्याशी करार करताना काय बघू?

खानापूर_ते_खलीज
बिल ऑफ लेडिंगवर (बोटीत चढवलेल्या मालाच्या कागदावर) माल घेणारा म्हणून कुणाचं नाव घालायचं ते आधी त्यांच्याकडून लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी गोदाम कंपनीच्या कस्टम कोडवर माल उतरतो, त्यामुळं मालकी तुमची हे करारात स्पष्ट पाहिजे. उद्या ती कंपनी बुडाली तर तुमचे शाफ्ट तिच्या मालमत्तेत मोजले जायला नकोत. विमा तुमच्या नावाचा, तिच्या पॉलिसीवर विसंबू नका. दर महिन्याला स्टॉकचं स्टेटमेंट मागा, ऑडिटला तेच लागतं. आणि भाडं जागेवर आहे का पॅलेटवर ते बघा. शाफ्ट लांब असतात, एक शाफ्ट दोन पॅलेटची जागा खातो आणि बिल दोनाचं येतं.

उद्यमबागकर
शाफ्ट उभे ठेवले तर?

खानापूर_ते_खलीज
क्रेट उभ्या रॅकचे बनवा, लाकूड हीट ट्रीटमेंटचा शिक्का असलेलंच. फोटो पाठवा, आमच्या सुपरवायझरला दाखवतो.